ओ-टू लावलं की प्रोग्रॅम का कोसळतो?

प्रश्न: मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने सी भाषेत बीएमपी फोटोंवर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. जीसीसीने साधा कंपाइल केला तर बिनतक्रार चालतो. वेग वाढावा म्हणून ओ-टू हा पर्याय दिला की फोटो उघडताक्षणी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो. कुठे कोसळतोय ते पाहायला मध्ये एक प्रिंटएफ टाकला, तर क्रॅश बंद! प्रिंटएफ काढला की पुन्हा सुरू. कोड तोच, फोटो तोच, मशीनही तेच. मग हा कंपायलरचाच दोष नाही का? गटातले बाकीचे म्हणतात, ओ-टू काढून टाकू आणि प्रोजेक्ट जमा करू. तुमचं मत काय?

उत्तर: तसा जमा करू नका. ओ-टूने तुमच्या प्रोग्रॅममध्ये नवी चूक घातली असण्याची शक्यता फार थोडी आहे. बहुधा चूक आधीपासूनच होती आणि ती आता दिसू लागली. ओ-टू काढलंत तर क्रॅश जाईल, चूक तिथेच राहील. उद्या कुणी वेगळ्या आवृत्तीचा जीसीसी वापरला, फोटो जरा मोठा आला किंवा तुम्हीच एखादं फंक्शन वाढवलंत, की ती पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा कदाचित क्रॅशही होणार नाही, नुसते रंग बिघडतील आणि कशाने बिघडले ते शोधून सापडणार नाही. गुपचूप चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा कोसळणारा प्रोग्रॅम मला कितीतरी बरा वाटतो.

प्रिंटएफचा प्रकार गूढ वाटतो, पण चूक कोणत्या जातीची आहे याचा तो चांगला पुरावा आहे. प्रिंटएफने काहीच दुरुस्त होत नाही. मध्ये बाहेरच्या फंक्शनला हाक मारावी लागली की कंपायलरला रजिस्टरांची वाटणी बदलावी लागते, काही मूल्यं मेमरीत ठेवावी लागतात, एखादं फंक्शन जागच्या जागी उलगडायचा बेत सोडावा लागतो. स्टॅकवर कोणाशेजारी कोण, हे त्यातून बदलतं. ज्या ओळीचा चुकीशी काही संबंध नाही, तिच्या येण्याजाण्याने क्रॅश येतजात असेल, तर प्रोग्रॅम हद्दीबाहेरची मेमरी तरी वापरतोय किंवा कधीच न भरलेलं व्हेरिएबल तरी वाचतोय, असाच माझा पहिला संशय असतो.

आता ओ-टूला नेमकं काय होतं ते पाहू. जीसीसीला काहीच सांगितलं नाही तर तो ओ-झिरो धरून चालतो. त्या पातळीवर तुमची प्रत्येक ओळ जवळजवळ जशीच्या तशी यंत्रभाषेत उतरते. प्रत्येक व्हेरिएबलला स्टॅकवर स्वतःची जागा मिळते. मूल्य हवं असलं की दर वेळी मेमरीतून आणायचं आणि बदललं की लगेच परत ठेवायचं. डिबगरमध्ये ओळीमागून ओळ चालवताना सगळं जागच्या जागी दिसतं ते त्यामुळेच. ओ-टूला कंपायलर सगळं फंक्शन एकत्र वाचतो. मूल्यं रजिस्टरमध्येच ठेवतो, छोटी फंक्शनं हाक मारण्याच्या जागीच उलगडतो, लूपमध्ये न बदलणारी गणितं लूपबाहेर काढतो, ज्यांचा निकाल कुणी वापरत नाही त्या ओळी पुसून टाकतो आणि उरलेल्यांचा क्रमही बदलतो.

ही धडपड कंपायलरइतकीच जुनी आहे. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रानचा कंपायलर दिला तेव्हा त्यांना मोठी धास्ती होती, की हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीचा वेग मिळाला नाही तर प्रोग्रॅमर याला हातही लावणार नाहीत. म्हणून त्या पहिल्याच कंपायलरमध्ये ऑप्टिमायझेशनवर एवढी मेहनत घेतली गेली. पुढे त्याच आयबीएममध्ये फ्रान्सेस ॲलन यांनी या तंत्रांना शास्त्राची बैठक दिली. २००६ सालच्या ट्युरिंग पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

एवढी उलथापालथ करायची परवानगी कंपायलरला कुणी दिली? भाषेच्या प्रमाण-दस्तऐवजाने. प्रोग्रॅमचं बाहेरून दिसणारं वागणं तेच राहिलं पाहिजे, म्हणजे पडद्यावर काय आलं, फायलीत काय गेलं, ते बदलता कामा नये. आतली वाट कंपायलरने स्वतः ठरवावी. मात्र या परवानगीला दुसरी बाजू आहे. काही कृती अशा आहेत की त्या केल्या तर पुढे काय होईल हे भाषेने ठरवलेलंच नाही. यालाच ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ म्हणतात. ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणं, नल पॉइंटरमागचं मूल्य वाचणं, चिन्हांकित पूर्णांक त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ देणं, भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने मेमरी वाचणं या त्यातल्या ठळक. सीच्या १९९९ सालच्या प्रमाणाच्या शेवटी अशा गोष्टींची यादी आहे, ती दोनशेच्या आसपास जाते. यातलं काहीही प्रोग्रॅमने केलं की कंपायलर कशालाच बांधील राहत नाही.

इथून क्रॅशकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या तर शोध अर्धा झाला असं समजा.

पहिली वाट मेमरीच्या मांडणीची. समजा दहा पूर्णांकांचा ॲरे आहे आणि लूपच्या अटीत ‘पेक्षा लहान’ऐवजी ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ लिहिलं गेलं. ॲरेला ४० बाइट मिळाले. अकरावा आकडा त्यापुढच्या चार बाइटांवर जाऊन बसणार. ओ-झिरोला स्टॅकवर ऐसपैस मांडणी असते, पत्ते ठरावीक पटीत यावेत म्हणून मध्ये रिकामी भरही टाकलेली असते. अकरावा आकडा त्या भरीत पडला तर कुणाचंच काही बिघडत नाही. ओ-टूला बरीच व्हेरिएबल्स रजिस्टरमध्ये जातात, स्टॅकवरची जागा आक्रसते आणि तोच आकडा आता एखाद्या पॉइंटरवर पडतो. तो पॉइंटर शंभर ओळींनंतर वापरला जातो आणि तिथे प्रोग्रॅम कोसळतो. चूक एकीकडे झाली, पडझड दुसरीकडे दिसली. क्रॅश झालेल्या ओळीकडे तासन्‌तास बघत बसणारे विद्यार्थी इथेच फसतात.

न भरलेल्या व्हेरिएबलचंही असंच. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला स्टॅकची नवी पानं शून्यांनी भरून देते. ओ-झिरोला त्या व्हेरिएबलची जागा एखाद्या कोऱ्या कोपऱ्यात आली तर ते शून्यच निघतं आणि तुम्हाला वाटतं, सीमध्ये व्हेरिएबल आपोआप शून्य होतं. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला अशी कोणतीही हमी नाही. ओ-टूला ते रजिस्टरमध्ये गेलं की त्यात आधीच्या कामाचा उरलेला आकडा असतो. फंक्शनमधल्या स्थानिक ॲरेचा पत्ता परत पाठवणं हाही याच कुळातला दोष.

तुम्ही उबुंटू वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. तिथला जीसीसी ऑप्टिमायझेशन चालू असताना ‘फॉर्टिफाय सोर्स’ नावाची तपासणीही चालू करतो. स्ट्रिंग-कॉपीसारख्या फंक्शनने बफरबाहेर लिहिलं तर ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ असं छापून प्रोग्रॅम मुद्दाम बंद केला जातो. ओ-झिरोला ही तपासणी होतच नाही. तेव्हा पडद्यावर नेमकं काय छापून आलं ते आधी शांतपणे वाचा. हा संदेश असेल तर कंपायलरने तुम्हाला चूक हातावर आणून ठेवली आहे.

दुसरी वाट जास्त खोल आहे, कारण तिथे कंपायलर तर्क करतो. ‘या प्रोग्रॅमरने निषिद्ध काही केलेलं नाही’ हे गृहीत धरून तो निष्कर्ष काढत जातो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण खुद्द लिनक्स कर्नलमधलं, २००९ सालचं. टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनने आधी एका पॉइंटरमधून मूल्य उचललं आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल आहे का ते तपासलं. तपासणी होती, फक्त उशिरा. जीसीसीचा तर्क असा: वर या पॉइंटरमधून मूल्य वाचलं आहे, नल पॉइंटरमधून वाचणं निषिद्ध, म्हणजे हा पॉइंटर नल असूच शकत नाही, मग खालची तपासणी वायफळ. ती त्याने काढून टाकली. एरवी नल पॉइंटर वाचताच प्रोग्रॅम कोसळला असता आणि तिथेच थांबला असता. पण त्या काळात लिनक्सवर शून्य पत्त्यावर स्वतःचं पान बसवण्याच्या युक्त्या होत्या. ब्रॅड स्पेंग्लर यांनी जुलै २००९ मध्ये दाखवून दिलं, की या वाटेने साधा वापरकर्ता यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकतो. दोन ओळींचा क्रम उलटा झाला एवढंच निमित्त! त्यानंतर कर्नल कंपाइल करताना नल-तपासण्या काढू नका, असं जीसीसीला स्पष्ट सांगणारा फ्लॅग लावला जाऊ लागला.

पूर्णांकांच्या मर्यादेचा वाद याच्याही आधीचा. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हा सर्वांत मोठा आकडा मावतो. बेरीज त्यापलीकडे गेली की आकडा फिरून ऋण होतो, अशी बहुतेकांची समजूत असते, कारण ओ-झिरोला बहुतेक यंत्रांवर तसं दिसतं. त्या भरवशावर लोक तपासणी लिहीत: अ अधिक १०० हे अ पेक्षा लहान झालं तर मर्यादा ओलांडली. २००७ च्या जानेवारीत जीसीसीच्या तक्रारवहीत ३०४७५ क्रमांकाची तक्रार आली, की ऑप्टिमायझेशनमध्ये अशी तपासणी गायबच होते. जीसीसीकारांचं उत्तर होतं, चिन्हांकित बेरीज मर्यादा ओलांडू शकत नाही असं गृहीत धरण्याची मुभा प्रमाणाने दिली आहे, म्हणून अ अधिक १०० हे अ पेक्षा नेहमी मोठंच. त्यावर बरीच खडाजंगी झाली. नियमाच्या बाजूने पाहिलं तर जीसीसीकार बरोबर होते. पण सुरक्षेसाठी लिहिलेली तपासणी एका शब्दाचीही सूचना न देता पुसली जावी, याने तक्रारदाराचा जीव कासावीस झाला हेही मला पूर्ण पटतं. उपाय असा, की बेरीज करून मग तपासू नका, आधी तपासा. अ हा कमाल मूल्य वजा १०० पेक्षा मोठा आहे का, ते बघा आणि मगच बेरीज करा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये रुंदी, उंची आणि रंगांची संख्या यांचा गुणाकार करून मेमरी मागितली असेल तर तिथे हे लागू आहे. बिघडलेल्या फायलीच्या हेडरमध्ये रुंदी म्हणून कोणताही आकडा असू शकतो.

२०१३ च्या जीसीसी ४.८ ने तर एका प्रसिद्ध वेग-चाचणीलाच अडकवून टाकलं. एसपीईसी सीपीयू २००६ या संचात व्हिडिओ-एन्कोडिंगचा एक प्रोग्रॅम आहे. त्यात १६ घटकांच्या ॲरेवरचा लूप असा लिहिला होता, की शेवटच्या फेरीत आधी सतरावा घटक वाचला जाई आणि मग अट तपासली जाई. वाचलेलं मूल्य कुठे वापरलं जात नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवलं नाही. नव्या जीसीसीने तर्क केला, की ॲरेत १६च घटक असल्याने गणक १६ वर पोचणारच नाही. मग ‘१६ पेक्षा लहान आहे का’ ही अट सदैव खरी. लूप कधी संपेचना. जीसीसीच्या त्या आवृत्तीबरोबरच्या टिपणात या प्रोग्रॅमचं नाव घेऊन तसा इशारा दिलेला आहे.

आता तुमच्या प्रोग्रॅमकडे. बीएमपी असल्यामुळे मला एका जागेचा विशेष संशय येतो. नेहमीच्या बीएमपी फायलीत १४ बाइटांचं फाइल-हेडर आणि ४० बाइटांचं माहिती-हेडर असतं, म्हणजे पिक्सेल ५४व्या बाइटनंतर सुरू होतात. बरेच विद्यार्थी सगळी फाइल एका बफरमध्ये वाचतात आणि बफर अधिक ५४ या पत्त्याचं ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये रूपांतर करून त्यावर लूप चालवतात. मॅलॉकने दिलेला पत्ता चारने निःशेष भागला जातो, ५४ जात नाही. मग त्यांची बेरीजही जात नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर असा वेडावाकडा पत्ता एकेक करून वाचला तर चालून जातो, म्हणून ओ-झिरोला काहीच बिघडत नाही. ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलर चार-चार पिक्सेल एकाच सूचनेत उचलणाऱ्या व्हेक्टर सूचना वापरतो, आणि त्यांपैकी काहींना १६ ने भागला जाणाराच पत्ता लागतो. नाहीतर थेट सेगमेंटेशन फॉल्ट. पूर्वी हे ओ-थ्रीपुरतं होतं, २०२२ च्या जीसीसी १२ पासून ओ-टूलाही व्हेक्टर सूचना येऊ लागल्या. डिबगरमध्ये क्रॅशची सूचना ‘मूव्हॅप्स’ किंवा ‘मूव्हडीक्यूए’ दिसली आणि पत्ता तर अगदी व्यवस्थित वाटत असला, तर हाच प्रकार समजा. पिक्सेल मेमकॉपीने नीट बसवलेल्या वेगळ्या ॲरेत घ्या, की झालं.

तुमच्यापैकी कुणी सी++ वापरत असेल तर एक जास्तीची सूचना: मूल्य परत करणाऱ्या फंक्शनच्या एखाद्या वाटेवर रिटर्न राहून गेला असेल, तर अलीकडचे कंपायलर तिथे परतीची सूचनाच घालत नाहीत आणि नियंत्रण सरळ मेमरीतल्या पुढच्या फंक्शनमध्ये घुसतं.

शोधायचं कसं? आधी सगळ्या वॉर्निंग चालू करा, वॉल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा, आणि हे ओ-टूसह करा. न भरलेल्या व्हेरिएबलची सूचना कंपायलरला मूल्यांचा प्रवास तपासून काढावी लागते, आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना तो प्रवास जास्त बारकाईने तपासला जातो. आलेली प्रत्येक वॉर्निंग दूर करा.

मग सॅनिटायझर. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सी लिहिणाऱ्यांना मिळालेलं हे सर्वांत मोलाचं साधन आहे, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये ते शिकवलं जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. कंपाइल करताना ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड’ हा पर्याय आणि सोबत ‘-जी’ द्या (संगणकावर अर्थातच रोमन लिपीत). ॲड्रेस सॅनिटायझर गूगलमध्ये तयार झाला. २०१२ मध्ये तो क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये आणि पुढच्या वर्षी जीसीसीत आला. तो प्रत्येक ॲरेभोवती निषिद्ध पट्टा आखतो आणि कुणी त्यावर पाय ठेवला की जागीच थांबवून फाइल, ओळ आणि तो ॲरे कुठे तयार झाला तेही सांगतो. प्रोग्रॅम साधारण दुपटीने मंदावतो, पण शोधाशोधीचे कितीतरी तास वाचतात. अनडिफाइन्ड सॅनिटायझर मर्यादा ओलांडणाऱ्या बेरजा आणि वेडेवाकडे पत्ते पकडतो. मी वर सांगितलेला ५४ बाइटांचा घोटाळा असेल तर तो पहिल्याच फेरीत दिसेल. न भरलेली व्हेरिएबल्स मात्र या दोघांच्या नजरेतून सुटतात. त्यांच्यासाठी क्लँगचा मेमरी सॅनिटायझर किंवा व्हॅलग्रिंड वापरा. व्हॅलग्रिंडला वेगळं कंपाइल करायची गरज नाही, पण तो कैकपटीने मंद आहे. ॲड्रेस सॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड एकाच वेळी चालवू नका.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर निम्मे-निम्मे करत शोधा. निम्म्या फायली ओ-टूने आणि निम्म्या ओ-झिरोने कंपाइल करून जोडा. क्रॅश आला तर संशयित फाइल ओ-टूच्या निम्म्यात, नाही आला तर दुसऱ्या निम्म्यात. ६४ फायली असल्या तरी सहा फेऱ्यांत एकच फाइल उरते. त्या फाइलमधल्या फंक्शनांवरही तोच प्रयोग करता येतो, कारण जीसीसीत एकेका फंक्शनला वेगळी पातळी देण्याची सोय आहे. ती सोय फक्त तपासासाठी आहे, कायमच्या वापरासाठी नाही, असं जीसीसीची पुस्तिकाच सांगते. सापडलेल्या फंक्शनमध्ये चूक असेलच असंही नाही. तिचे परिणाम तिथे उघडे पडले इतकं नक्की. तिथून उलट दिशेने, त्या फंक्शनला मिळालेली मूल्यं कुठून आली ते पाहत जायचं.

आणि कंपायलरचाच दोष असला तर? असतो कधी कधी. युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर यांच्या गटाने सीस्मिथ नावाचा प्रोग्रॅम केला. तो निषिद्ध गोष्टी टाळून सीचे यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करतो आणि वेगवेगळ्या कंपायलरांची उत्तरं ताडून पाहतो. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात आधी माहीत नसलेल्या ३२५ हून जास्त चुकांची नोंद आहे. त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कंपायलरने कधी ना कधी चुकीचा कोड तयार केला होता. झाव्हिये लरवा यांच्या कॉम्पसर्ट या फ्रान्समधल्या कंपायलरच्या, गणिती सिद्धतेने तपासलेल्या मधल्या भागात मात्र चुकीचा कोड देणारा दोष त्यांना शोधूनही सापडला नाही. तेव्हा कंपायलर निर्दोष असतो असं मी म्हणणार नाही. पण रोज लाखो लोक ज्या वाटांनी जातात त्या वाटांवरच्या त्याच्या चुका बहुधा लवकर पकडल्या जातात, आणि तुमचा कोड आजवर फक्त तुमच्या गटाने चालवला आहे. जीसीसीकारांनी तक्रार करण्याआधी करायची एक परीक्षा सांगून ठेवली आहे: वॉर्निंग बघा, सॅनिटायझर चालवा, आणि स्ट्रिक्ट एलियसिंग (म्हणजे भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने कुणी मेमरी वाचत नाही हे गृहीतक) बंद करणारा, पूर्णांक फिरवून घेणारा आणि आक्रमक लूप-तर्क थांबवणारा, असे तीन फ्लॅग देऊन बघा. त्यांनी फरक पडला तर कोडच चुकीचा असण्याची शक्यता जास्त. फरक पडला नाही, कंपायलरची ताजी आवृत्तीही तसंच वागली आणि वीस-पंचवीस ओळींत तुम्ही तो प्रकार दाखवू शकलात, तर जरूर तक्रार नोंदवा. अशा तक्रारीचं स्वागत होतं.

हे फ्लॅग कायमचे लावणं लाजिरवाणं आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. लिनक्स कर्नल स्ट्रिक्ट एलियसिंग बंद ठेवूनच कंपाइल होतो. विचारपूर्वक, कारण लिहून ठेवून, सगळ्या प्रोजेक्टसाठी घेतलेला तो निर्णय आहे. क्रॅश गेला एवढ्यावर समाधान मानून ओ-टू काढणं ही वेगळी गोष्ट.

ज्यांना कंपायलर हा तर्क आतून कसा करतो ते शिकायचं आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईतले प्रा. उदय खेडकर यांचं काम मोलाचं आहे. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक २००९ मध्ये आलं, आणि जीसीसीच्या अंतरंगावर त्यांनी कार्यशाळाही घेतल्या आहेत. ‘हा पॉइंटर इथे नल असू शकत नाही’ असे निष्कर्ष काढण्याचं गणित याच विषयातलं.

प्रश्न: मी पुण्यात मायक्रोकंट्रोलरवर काम करते. इंटरप्ट आला की एका व्हेरिएबलमध्ये १ ठेवते आणि मुख्य लूप ते १ होण्याची वाट बघतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालतं, चालू केलं की लूप तिथेच अडकतो. व्होलाटाइल लावलं की पुन्हा चालतं. हा खरा उपाय, की तात्पुरती मलमपट्टी?

उत्तर: तुमच्या बाबतीत खरा उपाय. मुख्य लूप वाचताना कंपायलरला ते व्हेरिएबल कुणी बदलताना दिसत नाही, म्हणून तो मूल्य एकदाच रजिस्टरमध्ये घेतो आणि तेच तपासत राहतो. इंटरप्ट हार्डवेअरकडून येतो, हे त्याला कळायला मार्ग नाही. व्होलाटाइल म्हणजे ‘दर वेळी मेमरीत जाऊन बघ’ असा हुकूम, आणि तो शब्द अशाच प्रसंगांसाठी भाषेत आहे. वरच्या पत्रातल्यासारखा क्रॅश थांबवायला कुणी तो इकडेतिकडे शिंपडत असेल तर ती मलमपट्टी.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. संगणकावरच्या दोन थ्रेडमध्ये निरोप द्यायला व्होलाटाइल पुरत नाही, तिथे सी११ मधले अटॉमिक प्रकार वापरावे लागतात. आणि तुमची चिप आठ बिटांची एव्हीआर असेल, तर १६ बिटांचं व्हेरिएबल दोन वेगवेगळ्या वाचनांत येतं. दोन्हींच्या मध्ये इंटरप्ट आला तर निम्मं जुनं आणि निम्मं नवं मूल्य हाती येतं. व्होलाटाइलने ते टळत नाही. तेवढ्या दोन वाचनांपुरते इंटरप्ट बंद ठेवा, किंवा एव्हीआर-लिबसीमध्ये त्यासाठी तयार असलेला अटॉमिक ब्लॉक वापरा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवण्याचा विचार तर सोडूनच द्या. त्याच लायब्ररीतली मिलिसेकंद थांबवणारी फंक्शनं ऑप्टिमायझेशन चालू आहे असं धरूनच लिहिलेली आहेत. ते बंद असेल तर कंपाइल करतानाच तशी वॉर्निंग येते आणि थांबण्याचा वेळ ठरल्यापेक्षा भलताच लांबतो.